परिमंजरी हायड्रेंजिया : जोपासना आणि छाटणीचा प्रश्न

पूर्व आशिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेतील समशीतोष्ण बागांमध्ये उन्हाळा उतरणीला लागल्यावर, म्हणजे बहुतेक फुलझाडांचा बहर ओसरल्यानंतर, पांढऱ्या शंक्वाकार फुलोऱ्यांनी लगडून जाणारे एक पानझडी झुडूप आढळते. त्याचे शास्त्रीय नाव हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा असे असून, जर्मन वैद्य व निसर्ग-अभ्यासक फिलिप फ्रान्त्स फॉन झीबोल्ट यांनी जपानमधील वास्तव्यात केलेल्या अभ्यासाच्या आधारे १८२९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या फुलोऱ्याच्या मुख्य दांड्याला उपशाखा फुटतात आणि त्या उपशाखांवर फुले येतात त्याला वनस्पतिशास्त्रात परिमंजरी म्हणतात. या जातीचा फुलोरा तसा असल्यामुळे प्रस्तुत लेखात तिला परिमंजरी हायड्रेंजिया असे म्हटले आहे. थंडी, ऊन आणि जमिनीचा सामू या तिन्ही बाबतींत हे झुडूप आपल्या भाऊबंदांपेक्षा पुष्कळच सोशिक आहे. तरीही त्याच्या छाटणीविषयी बागकामाच्या पुस्तकांत परस्परविरोधी सल्ले शेजारी शेजारी नांदताना दिसतात. दर वसंतात झुडूप गुडघ्याएवढे राहील इतके कापावे असे एक मत आहे, केवळ एक-तृतीयांश उंची कमी करावी असे दुसरे आहे, आणि मेलेल्या फांद्यांखेरीज कशालाच हात लावू नये असे तिसरे आहे. ही तिन्ही मते प्रत्यक्ष अनुभवातून आलेली आहेत, त्यामुळे त्यांपैकी एखादे सरसकट खोटे ठरवता येत नाही. फूल झुडपाच्या कोणत्या भागावर धरते, हवामान कसे आहे आणि बागकर्त्याला नेमके काय हवे आहे, हे ठरवल्याशिवाय त्यांचा निवाडा होत नाही. आणि निवाडा करू गेल्यास असे दिसते की, या प्रश्नाचा बराचसा भाग कात्री हातात घेण्यापूर्वीच, म्हणजे वाण निवडतानाच, सुटायला हवा.

जपान, चीन आणि रशियाच्या ताब्यातील साखालिन बेट हा या जातीचा मूळ टापू. तेथील डोंगरउतारांवर, जंगलाच्या कडेला आणि मोकळ्या दमट जागी ती साधारण तीन ते सात मीटरपर्यंत वाढते, आणि पुरेशी वर्षे मिळाल्यास लहान वृक्षाचे रूप घेते. जपानमध्ये तिला नोरी-उत्सुगी म्हणतात आणि तिची तेथील ओळख केवळ शोभेचे झाड एवढीच नाही. तिच्या आतल्या सालीतून निघणारा चिकट द्रव हातकागदाच्या हौदात मिसळला की लगद्याचे तंतू तळाशी न बसता पाण्यात सारखे पसरून राहतात. योशिनो भागात तयार होणाऱ्या आणि जुन्या चित्रांच्या जतनासाठी वापरल्या जाणाऱ्या उदागामी कागदाला आजही याच सालीचा द्रव लागतो. ज्या झुडपाच्या फांद्या सालीसाठी वारंवार तोडल्या जातात आणि ते पुन्हा फुटत राहते, त्याच्या अंगी छाटणी सोसण्याची मोठी ताकद असणार हे उघडच आहे. बागेतल्या छाटणीचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे उपयोगाचे ठरते.

फुलोऱ्याची रचना थोडी तपशिलाने पाहायला हवी, कारण छाटणीचे परिणाम शेवटी तिच्यातच दिसतात. परिमंजरीत दोन प्रकारची फुले असतात. पहिली अगदी बारीक, पाकळ्या, केसर आणि किंजपुट असलेली जननक्षम फुले. मधमाश्या व इतर कीटक येतात ते यांच्यासाठी. दुसरी मोठी, ठळक पांढरी आणि बहुतेक वंध्य. सर्वसाधारणपणे ज्यांना त्यांच्या पाकळ्या समजले जाते त्या खरे तर संदले, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या मंडलातील विस्तारलेली दले असतात. पाकळ्या लवकर गळतात, संदले मात्र कित्येक आठवडे टिकतात आणि वाळल्यावरही फुलोऱ्याला चिकटून राहतात, म्हणूनच या झुडपाचा बहर एवढा दीर्घकाळ टिकल्यासारखा दिसतो. रानातल्या झाडात वंध्य फुले थोडी आणि विखुरलेली असतात, त्यामुळे फुलोरा हलका व जाळीदार दिसतो. बागेतील अनेक वाणांत निवड करता करता वंध्य फुलांचे प्रमाण इतके वाढवले गेले आहे की संपूर्ण शंकू त्यांनीच भरून जातो. असा फुलोरा देखणा खरा, पण तो जड असतो, पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि कीटकांच्या फारसा कामाचा राहत नाही. देठ वाकण्याच्या तक्रारी बहुतांशी याच भरगच्च वाणांबद्दल ऐकू येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. हायड्रेंजियांच्या छाटणीतील जवळपास सगळा गोंधळ दोन शब्दप्रयोगांभोवती फिरतो : जुनी काडी आणि नवी काडी. गेल्या हंगामात वाढून पक्व झालेली फांदी ती जुनी काडी, आणि चालू वसंतात डोळ्यातून, म्हणजे फांदीवरच्या कळीतून, फुटलेली ती नवी काडी. थंड हवेच्या ठिकाणी निळ्या-गुलाबी गेंदांमुळे सर्वांच्या परिचयाचे असलेले मोठ्या पानांचे हायड्रेंजिया, म्हणजे हायड्रेंजिया मॅक्रोफायला, पुढच्या वर्षीच्या फुलांची तयारी आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीस फांदीच्या शेंड्याकडील डोळ्यांतच करून ठेवते. ओकसारख्या पानांचे हायड्रेंजिया क्वेर्सिफोलियाही तसेच. परिमंजरी हायड्रेंजियात मात्र हिवाळ्यातल्या डोळ्यांत फूल नसते. वसंतात डोळा फुटतो, फुटीवर पानांच्या काही जोड्या येतात आणि मग त्याच फुटीच्या टोकाला फुलोरा धरतो.

महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदाराला हा भेद वेगळ्या संदर्भात चांगला ठाऊक असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेल्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबरची फळछाटणी करताना घड असलेला डोळा राखूनच काडी कापावी लागते. काप चुकला तर वेलीला पालवी येते, घड येत नाही. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाची स्थिती फळछाटणीच्या वेळच्या काडीसारखी असते, कारण वसंतात त्याचा शेंडा उडवला की त्या वर्षीचा बहर हातचा गेला. परिमंजरी हायड्रेंजियात असा कोणताही डोळा चुकण्याची भीतीच नसते, कारण काडीवरच्या कोणत्याही निरोगी डोळ्यातून येणारी जोमदार फूट फुलू शकते. एका जातीचा नियम दुसरीला लावल्यामुळे जितके बहर वाया जातात तितके इतर कोणत्याही चुकीमुळे जात नसावेत. त्यातच उत्तर अमेरिकेतील मूळची हायड्रेंजिया आर्बोरेसेन्स ही जात नव्या काडीवर फुलते, आणि २००४ मध्ये बाजारात आलेल्या ‘एंडलेस समर’सारखे मोठ्या पानांचे काही वाण जुन्या व नव्या अशा दोन्ही काड्यांवर फुलतात, म्हणून केवळ ‘हायड्रेंजिया’ एवढ्या नावावर दिलेला छाटणीचा कोणताही सल्ला अपुराच समजायला हवा.

नव्या काडीवर फुलण्याच्या या स्वभावाचा आणखी एक मोठा लाभ आहे. कडाक्याच्या थंडीत मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाचे झुडूप मुळाशी जगते, पण शेंड्याचे फुलडोळे करपून जातात आणि उन्हाळ्यात नुसती पाने दिसतात. परिमंजरी हायड्रेंजियाचे वरचे डोळे गोठले तरी खालचे फुटतात आणि त्याच वर्षी फुलतात. अमेरिकेच्या कृषी विभागाने हिवाळ्यातील किमान तापमानावरून देशाचे जे पट्टे आखले आहेत त्यांपैकी तिसऱ्या पट्ट्यात, जेथे पारा उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो, तेथपासून आठव्या पट्ट्यापर्यंत हे झुडूप लावले जाते. मिनेसोटासारख्या राज्यात मोठ्या फुलांच्या हायड्रेंजियाची हौस भागवायची तर भरवशाच्या मोजक्या पर्यायांपैकी हा एक ठरतो.

छाटणीच्या निरनिराळ्या परंपरा कशा रुजल्या हे समजण्यासाठी वाणांचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानमधून पश्चिमेकडे गेलेला ‘ग्रँडिफ्लोरा’ हा वाण दीर्घकाळ या जातीचा एकमेव प्रतिनिधी असल्यासारखा वावरला; अमेरिकेत तो आद्याक्षरांवरून ‘पीजी’ या नावाने घरोघरी पोचला. त्याचे फुलोरे जवळजवळ पूर्णपणे वंध्य फुलांचे, जड आणि मोठे. इंग्लंडमधील जुन्या बागकर्त्यांनी त्याचा आकार आणखी वाढवण्याचा ध्यास घेतला : वसंतात झुडूप खोलवर कापायचे, फुटींची विरळणी करून मोजक्याच राखायच्या आणि भरपूर खत घालायचे, म्हणजे ४५ सेंटिमीटरपर्यंत लांबीचा फुलोरा मिळवता येई. कडक छाटणीच्या परंपरेचे मूळ या ध्येयात आहे. झुडपाचे आरोग्य हा तिचा हेतू कधीच नव्हता, ही गोष्ट नंतरच्या काळात विसरली गेली. पुढे बेल्जियममधील काल्मटाउट येथे रोबेर आणि येलेना द बेल्डर या दांपत्याने बियांपासून रोपे वाढवून जी निवड केली तिने चित्र पालटले. १९६८ मध्ये निवडलेला ‘युनिक’ आणि त्यानंतरचे ‘पिंक डायमंड’, ‘बरगंडी लेस’ यांसारखे वाण त्यांच्या बागेतून बाहेर पडले. नेदरलँड्समधील पीटर झ्वेइनेनबुर्ख यांचा हिरवट फुलोऱ्यांचा ‘लाइमलाइट’ या शतकाच्या आरंभी आला आणि त्याच्या ताठ देठांमुळे झपाट्याने पसरला. त्यापाठोपाठ ‘लिटल लाइम’ आणि बेल्जियममध्येच पैदास झालेला ‘बोबो’ असे ठेंगणे वाण आले.

या ठेंगण्या वाणांचे महत्त्व नुसते जागा वाचवण्यापुरते नाही. ‘लाइमलाइट’ साधारण १.८ ते २.४ मीटर होतो, ‘लिटल लाइम’ ०.९ ते १.५ मीटरच्या दरम्यान राहतो आणि ‘बोबो’ एक मीटरच्याही आत थांबतो. खिडकीखाली एक मीटर जागा असताना तेथे ‘लाइमलाइट’ लावून दर वर्षी त्याला छाटून बसवत राहणे म्हणजे झाडाच्या प्रकृतीशी कायमचे भांडण मांडणे होय, आणि अशा भांडणात झाडाचे रूप बिघडते, कारण कापलेले झुडूप आपली उंची एका हंगामात बरीचशी भरून काढते व ती भरताना लांब, कोवळ्या, वाकणाऱ्या फुटी काढते. उलट तेथे ठेंगणा वाण असेल तर छाटणी उंचीसाठी करावी लागत नाही; ती फक्त बांधणी आणि फुलांच्या दर्जासाठी उरते. ‘किती कापावे’ या प्रश्नामागे अनेकदा ‘जागेच्या मानाने मोठा वाण लावला गेला आहे’ ही अडचण दडलेली असते.

तिन्ही पद्धतींच्या गुणदोषांचा विचार करताना झाडाच्या आत काय घडते ते प्रथम पाहू. फांदीच्या शेंड्याकडील वाढता भाग ऑक्सिन नावाचे संप्रेरक, म्हणजे वाढीचे नियमन करणारे द्रव्य, खाली पाठवतो आणि त्यामुळे खालच्या डोळ्यांची वाढ दबलेली राहते. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि कापाखालचे डोळे फुटतात. दुसरीकडे, मुळांत व जाड खोडात हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न छाटणीने फारसे कमी होत नाही, मात्र ते ज्यांच्यात वाटले जायचे त्या डोळ्यांची संख्या घटते. म्हणून कडक छाटलेल्या झुडपावर फुटी थोड्या पण लांब, पाने मोठी आणि फुलोरे मोठे येतात. हलक्या छाटणीने फुटी पुष्कळ, आखूड आणि फुलोरे लहान पण संख्येने अधिक मिळतात. कडक छाटणीचा बहर काहीसा उशिराही येतो, कारण फुटीला खालून सुरुवात करावी लागते.

ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची शिफारस पहिल्या पद्धतीकडे झुकते : जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर, किंवा मागच्या रांगेतील झुडपांच्या बाबतीत ६० सेंटिमीटरपर्यंत, जाड फांद्यांचा कायमचा सांगाडा तयार करायचा आणि दर वसंतात गेल्या वर्षीच्या काड्या त्या सांगाड्यालगतच्या निरोगी डोळ्यांच्या जोडीपर्यंत मागे घ्यायच्या. सौम्य हिवाळा आणि मर्यादित वाफे असलेल्या बागांत ही पद्धत सोयीची आहे. उत्तर अमेरिकेत रूढ असलेली एक-तृतीयांशाची पद्धत निराळ्या गरजेतून आली असावी. तेथे उन्हाळी वादळे जोरदार, अंगणे ऐसपैस आणि झुडूप दुरून दिसावे ही अपेक्षा. अशा जागी जुन्या, कठीण फांद्यांची उंच चौकट राखली की तिच्यावरच्या आखूड फुटी पावसाने भिजलेला फुलोरा पेलू शकतात. मुळीच न छाटण्याच्या मतालाही आधार आहे, कारण न छाटलेले झुडूपही दर वर्षी फुलतेच. फक्त आतली गर्दी वाढत जाते, फुलोरे लहान होतात आणि बहर बाहेरच्या कवचापुरता उरतो.

यांतील मधला मार्ग, म्हणजे पक्क्या चौकटीवर मध्यम छाटणी आणि तिच्या जोडीला नियमित विरळणी, बहुतेक बागांसाठी अधिक श्रेयस्कर दिसतो. विरळणीवरचा हा भर का, हे एका काडीच्या निरीक्षणावरून कळते. मार्चमध्ये एखादी काडी हातात घेतली तर टोकाला गेल्या वर्षीचा वाळका फुलोरा असतो, त्याची संदले कागदासारखी कुरकुरीत झालेली असतात, आणि खाली काही अंतराअंतरावर, पेराच्या दोन बाजूंना समोरासमोर, बारीक तपकिरी डोळ्यांच्या जोड्या असतात. काही पेरांवर तीन डोळ्यांचे वर्तुळही सापडते. गुलाबाच्या छाटणीत शिकवला जाणारा ‘बाहेरच्या डोळ्यावर तिरका काप’ हा नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण डोळे जोडीने असतात आणि तिरक्या कापाने जोडीतल्या एका डोळ्यालगतची काडी उघडी पडते. डोळ्यांच्या वर सुमारे अर्धा सेंटिमीटर राखून सरळ आडवा काप घेणे योग्य. त्या जोडीतून दोन फुटी निघतात, दोन्हींच्या टोकाला फुलोरा येतो, आणि पुढच्या वर्षी त्या दोन्ही पुन्हा जोडीवर कापल्या की चार होतात. वीस काड्यांनी सुरुवात केलेले झुडूप नुसते शेंडे कापत गेल्यास तीन वसंतांत एकशे साठ काड्यांवर पोचते, आणि त्या प्रत्येकीच्या वाट्याला येणारे अन्न व ऊन तेवढेच घटते. म्हणून शेंडे मारण्यापूर्वी पेन्सिलीहून बारीक काड्या बुडापासून काढणे, एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली दुबळी काढून टाकणे आणि झुडपाच्या मध्यभागी वळलेल्या काड्या कमी करणे आवश्यक ठरते. बारीक काडीवरही फूल येते, परंतु ते पेलण्याची ताकद तिच्यात नसते. जुलैअखेरीस जमिनीला टेकलेले फुलोरे बहुधा अशाच काड्यांचे असतात.

छाटणीच्या वेळेबाबत मात्र फारसा मतभेद नाही. हिवाळ्याची तीव्रता ओसरल्यावर आणि डोळे फुगून पाने उलगडण्याच्या आत, म्हणजे स्थानपरत्वे फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत, हे काम उरकावे. शरद ऋतूत छाटल्यास फूल वाया जात नाही, पण ताज्या कापाखालची काडी थंडीने मागे वाळत जाते आणि वसंतात पुन्हा कापावे लागते. शिवाय हिवाळाभर टिकणाऱ्या वाळक्या फुलोऱ्यांची शोभाही जाते. जेथे ओले, जड हिम पडते तेथे हे वाळके फुलोरे हिमाचा भार धरून फांद्या मोडू शकतात, तेव्हा त्या प्रदेशात निदान फुलोरे शरदातच खुडून काढण्याला अर्थ आहे. एखादी फांदी जिवंत आहे की नाही अशी शंका आल्यास साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवा थर दिसला तर ती जिवंत असते. वसंताच्या उत्तरार्धात कोवळे शेंडे खुडल्यास फुटी वाढतात आणि बहर लांबतो, त्यामुळे एकाच झुडपाच्या निम्म्या फुटींवर हा प्रयोग करून बहराचा काळ वाढवता येतो. पण ऐन उन्हाळ्यात खुडणे म्हणजे तयार होत असलेले फुलोरेच खुडणे होय.

जोपासनेच्या इतर बाबी तुलनेने सरळ आहेत, परंतु त्यांचा छाटणीशी जवळचा संबंध आहे. दिवसाला किमान सहा तास ऊन मिळाले तर काड्या आखूड आणि कठीण होतात. सावलीत त्या लांबतात व वाकतात, आणि त्याचे खापर उगाच छाटणीवर फोडले जाते. उष्ण प्रदेशात दुपारनंतरची सावली मात्र हवी. जमीन सेंद्रिय द्रव्याने समृद्ध, ओलावा धरणारी पण पाणी न साचणारी असावी. मुळे उथळ व तंतुमय असल्यामुळे पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या भुशाचे आच्छादन उपयोगी पडते; ते खोडाला टेकवू नये एवढी काळजी घ्यावी. नत्राची मात्रा वाढवली की पाने गडद आणि काड्या मऊ होतात. कडक छाटणी, भरपूर नत्र आणि भरगच्च फुलोऱ्याचा वाण ही तिन्ही एकत्र आली की झुडूप हमखास लोळते. यांतले एक जरी टाळले तरी फरक दिसतो. अभिवृद्धीसाठी उन्हाळ्याच्या आरंभी कोवळ्या फुटींची छाट कलमे दमट वातावरणात लावल्यास ती सहज मुळे धरतात, किंवा खालची फांदी मातीत दाबून दाब कलम करता येते. नव्या वाणांपैकी अनेकांना पेटंटचे संरक्षण असल्यामुळे परवानगीशिवाय त्यांची अभिवृद्धी करता येत नाही.

फुलांच्या रंगाविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. मोठ्या पानांच्या हायड्रेंजियात आम्लधर्मी जमिनीतून शोषलेले ॲल्युमिनियम संदलांतल्या रंगद्रव्याशी जोडले गेले की निळा रंग येतो, आणि जमीन अल्कधर्मी असल्यास तो गुलाबी होतो. परिमंजरी हायड्रेंजियात ही प्रक्रिया घडत नाही. जमिनीत काहीही मिसळले तरी ते निळे होत नाही. त्याचा पांढरा किंवा हिरवट रंग फुलोरा जुना होताना गुलाबी होतो तो अँथोसायनिन नावाच्या लालसर रंगद्रव्यामुळे, आणि या द्रव्याची निर्मिती गार रात्रींवर बरीच अवलंबून असते. ज्या ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या रात्रीही उबदार असतात तेथे तोच वाण गुलाबी न होता सरळ तपकिरी पडतो, आणि पाण्याचा ताण पडल्यास हे आणखी लवकर होते.

भारताच्या संदर्भात या जातीची मर्यादा येथेच स्पष्ट होते. तिला पानगळीनंतर खऱ्या थंडीची विश्रांती लागते, ती दख्खनच्या पठारावर किंवा कोकणपट्टीत मिळणे शक्य नाही. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या बागेसाठी तिची शिफारस करणे गैर ठरेल. भारतातल्या थंड हवेच्या ठिकाणी जे हायड्रेंजिया सामान्यतः दिसते ते मोठ्या पानांचे असते आणि त्याला जुन्या काडीचा नियम लागू होतो. हिमालयात मात्र परिमंजरी हायड्रेंजियाची जवळची नातेवाईक असलेली हायड्रेंजिया हेटेरोमाला ही जात नैसर्गिकरीत्या वाढते; तिचा फुलोरा चपटा, पांढरा आणि जाळीदार असतो. ज्या उंचीवर तिला हिवाळ्याची पुरेशी विश्रांती मिळते तेथे परिमंजरी हायड्रेंजियाही जगण्यास हरकत नसावी. न्यू जर्सी, इलिनॉय किंवा टोरोंटो येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या परसात ते सहज वाढू शकते, आणि तेथे या लेखातील वेळापत्रक फारसा बदल न करता वापरता येईल.

एका खोडावर वाढवलेल्या, वृक्षासारख्या रूपाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण त्याची छाटणी निराळी आहे. एक जोमदार सरळ फूट निवडून तिला काठीचा आधार द्यायचा, बाकीच्या बुडापासून काढायच्या, आणि खोड हव्या त्या उंचीला पोचले की शेंडा खुडून वर डोके बांधायचे; याला काही वर्षे लागतात. पुढे डोक्यातल्या काड्या दर वसंतात दोन-तीन जोड्यांपर्यंत मागे घ्यायच्या आणि खोडावर किंवा बुडाशी निघणारे धुमारे दिसताक्षणी काढायचे. येथे कडक छाटणी धोक्याची ठरते, कारण लांब फुटींचा भार एकाच खोडावर येतो आणि वाऱ्यात ते कलते. न्यू इंग्लंडमधील जुन्या दफनभूमींत आणि शेतघरांच्या अंगणांत ‘पीजी’ची अशी वृक्षरूप झाडे आजही उभी आहेत.

वर्षानुवर्षे हात न लागलेल्या जुन्या झुडपाचे नूतनीकरण हा शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक प्रश्न. अशा झुडपात आतला भाग वाळक्या काटक्यांनी भरलेला असतो, खालून ते उघडे पडते आणि फुले डोक्यावर गेलेली असतात. ते एकाच वसंतात जमिनीलगत कापले तरी सहसा फुटते, पण जाड जुन्या खोडांवरचे सुप्त डोळे कितपत जागे होतील याची खात्री नसते आणि त्या वर्षीच्या फुटी अतिशय लांब व कमकुवत निघतात. त्यापेक्षा हे काम तीन वसंतांत विभागणे शहाणपणाचे आहे : पहिल्या वर्षी सर्व वाळलेले लाकूड आणि सर्वांत जुन्या खोडांपैकी एक-तृतीयांश बुडापासून काढावे, दुसऱ्या वर्षी आणखी तेवढीच, आणि तिसऱ्या वर्षी उरलेली. बुडापासून नवीन धुमारे निघाले की त्यांतले मोजके जाड व एकमेकांपासून दूर असलेले राखून बाकीचे काढावेत, आणि राखलेले धुमारे पुढच्या मार्चमध्ये गुडघ्याच्या उंचीवर डोळ्यांच्या जोडीवर कापावेत, म्हणजे नव्या चौकटीच्या फांद्या तेथूनच फुटतील.